काशीला सोडलेलं वांगं

जळगावहून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चोवीस दिवस. माझ्या मानाने ही घाईच म्हणायची. गावच्या वाचनालयात पस्तीस वर्षं मी ग्रंथपाल होतो. पत्र आलं की उत्तराचा मसुदा करायचो, तो मलाच आवडायचा नाही, मग दुसरा करायचो. एका प्रकाशकांना द्यायचं उत्तर सातव्या मसुद्यात मनासारखं उतरलं, तेव्हा त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं.

हे पत्र आलं त्याला आता सोळा वर्षं झाली. तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस होता. सिंधू, म्हणजे माझी बायको, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पोस्टमनने पत्र तिच्याच हातात दिलं. माझ्या हातात दिलेल्या पत्राचं पुढे काय होतं हे त्यालाही ठाऊक होतं.

"वाचू का?" तिने विचारलं.

"कोणाचं आहे?"

"वाचल्यावर कळेल." आणि तिने फोडलं.

"‘श्री. जगन्नाथ वारके यांस. तापीकाठ मित्रमंडळाच्या वतीने येत्या डिसेंबरात जळगावी भव्य भरीत स्पर्धा योजली आहे. आचाऱ्यांचा गट वेगळा, घरगुती गट वेगळा. आपल्या हातच्या भरताची ख्याती आमच्या कानी आली आहे. आपण घरगुती गटात उतरावं ही विनंती. महिनाभरात होकार वा नकार कळवावा.’" सिंधूने चष्मा वर सरकवला. "ख्याती म्हणतात! बघा, जळगावपर्यंत गेली."

"भलत्याच कोणाला तरी लिहिलं असेल."

"जगन्नाथ वारके गावात दुसरा कोण आहे? एकच आहे, तोही घराबाहेर पडत नाही." तिने पत्र उलटं केलं. मागे नियम होते. "एक. वांगी कपाशीच्या काट्यांवरच भाजावीत, गॅसवर भाजल्यास बाद. बरोबर आहे. दोन. ठेचताना पाणी घालू नये. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला हे आधी कळायला हवं होतं. तीन. शेंगदाणे ऐच्छिक." ती थांबली. "शेंगदाणे ऐच्छिक? कोण लोक आहेत हे?"

"पुढे वाच."

"चार. परीक्षकांपुढे ठेवण्यापूर्वी स्पर्धकाने आपल्या भरताचा पहिला घास सर्वांसमक्ष स्वतः खाऊन दाखवावा."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"संपलं मग," मी म्हणालो. "नाही म्हणून कळवतो."

"कळवा. तुम्ही कळवणार, म्हणजे पुढच्या तुळशीच्या लग्नाला पोचेल."

मी वांगं सोडलेलं होतं. त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आमच्याकडे, यावल-फैजपूरच्या पट्ट्यात, वांगं सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. इथे हिवाळ्यात कोणी कोणाला जेवायला बोलावत नाही, भरतावर बोलावतं. मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, आमच्या भाषेत काट्यांचा, जाळ करायचा, त्यात कोपराएवढी हिरवी वांगी भाजायची, सोलून ती लाकडी बडगीत, म्हणजे होडीसारख्या खोलगट भांड्यात, ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी, आणि मग पुरीबरोबर किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर उठवणार नाही इतकं खायचं. आमच्यात लग्नं भरतावर जमतात आणि मोडतातही भरतावरच.

काशीला गेलं की आवडीची एक भाजी आणि एक फळ सोडून यायचं असतं. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सगळे तयारीने जातात. आमच्या बसमध्ये बेचाळीस माणसं होती. सिंधूने कारलं सोडलं, जे तिने जन्मात तोंडात घातलं नव्हतं. माझा बालमित्र पुंडलिक फेगडे याने किवी नावाचं फळ सोडलं. ते त्याने आदल्याच दिवशी तिथल्या बाजारात पहिल्यांदा पाहिलं होतं. मी मात्र वाटभर काशीच्या घाटांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचत बसलो होतो. भाजीचा विचार करायचा राहूनच गेला. गुरुजींनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं आणि विचारलं, "सब्जियों में सबसे प्रिय?" मी जन्मभर परीक्षेला बसल्यासारखाच वागत आलेला माणूस. प्रश्न आला, उत्तर येत होतं, दिलं.

"बैंगन."

घाटावर आमची बेचाळीस माणसं गप्प झाली. बसचा ड्रायव्हर नुसता चहा प्यायला खाली उतरला होता. तोही कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. पुंडलिक कुजबुजला, "दोडका म्हन, अजून दोडका म्हन!" पण ओंजळीतलं पाणी गळून गेलं होतं.

इथवर हा नुसता वेंधळेपणा होता. लबाडी पुढे झाली. काशीला निघण्याच्या तीन महिने आधी सिंधूच्या पोटातली गाठ काढली होती. ती तपासायला मुंबईला पाठवली होती आणि अहवाल काही येत नव्हता. परतीच्या वाटेवर बसमध्ये ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माझ्यासाठी सोडलंत ना?"

मी काही बोललो नाही. मी एरवीही काही बोलत नाही, पण त्या वेळी तेच उत्तर ठरलं. घरी पोचलो तर अहवाल येऊन पडलेला. गाठ साधी निघाली. सिंधूने देवापुढे साखर ठेवली आणि नवऱ्याने वांगं सोडलं म्हणून मी वाचले, हे गावभर सांगत सुटली.

मग बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायला लागल्या. दामू नावाच्या एका माणसाने माझ्यामुळे तंबाखू सोडली. माझी चुलत बहीण गोदाक्का ऐंशीच्या घरातली, ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आपल्या खानदानात असा नवरा कोनी झाला नाही रे भो." मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

यातली गंमत अशी, की वांगं सुटलं आणि माझं भरीत सुधारलं. पूर्वी मी करता करता चाखायचो, आणि पाव बडगी तिथेच संपायची. आता मला वासावर जावं लागे, जाळाच्या आवाजावर जावं लागे. चवीसाठी मी पुंडलिकचं तोंड वाचायचो. त्याची भुवई चढली की मीठ जास्त, नाकपुडी हलली की मिरची जास्त, आणि न बोलता दुसऱ्या घासाकडे हात गेला की जमलं. मळ्यामळ्यांतून मला बोलावणी यायला लागली. लोक बोटं चाटायचे. पण फुकटच्या भरताला नावं कोण ठेवणार? पहाटे जाग आली की मला वाटायचं, हे सगळे मला सांभाळून घेताहेत. माझं भरीत खरंच कसं लागतं, हे गावात फक्त मलाच माहीत नव्हतं.

म्हणून नाही म्हणायचं ठरलं तरी ते पत्र मी सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत होतो. पहिल्या मसुद्यात मी नकार दिला. दुसऱ्यात होकार. तिसऱ्यात चौथ्या नियमातून सूट मागितली आणि धर्मशास्त्रातले तीन आधार दिले. चौथ्यात ते आधार काढून टाकले, कारण त्यातला एक मला स्वतःलाच पटत नव्हता.

पंधराएक दिवसांनी पुंडलिकच्या मळ्यात गेलो. तो वांगी निवडत होता. त्याला पत्र दाखवलं.

"मग जाय ना," तो म्हणाला.

"चौथा नियम वाच."

त्याने वाचला. "घास तोंडात घ्यायचा अन् थुकून टाकायचा."

"सर्वांसमक्ष?"

"रुमालात. माझ्या लग्नात माझ्या सासूच्या हातचे लाडू तू कुठी घातले होते? मी काय पाहिलं नाही का?"

"पुंडलिक, ते लाडू होते. हे काशीचं आहे."

"मंग नको जाऊ." त्याने एक वांगं उचलून वजन पाहिलं. "तुले जायचं हाये का नाही, ते सांग आधी. नियम मंग पाहू."

मी बराच वेळ देठ तोडत बसलो. मग म्हणालो, "मला चव बघायची आहे रे. सहा वर्षं मी तुझं थोबाड बघून मीठ घालतोय."

"थोबाड चांगलं हाये माझं."

"चांगलं आहे. पण त्यावरून भरीत कळत नाही."

पुंडलिक हसला नाही. "मंग वहिनीले विचार."

"काय विचारू? तुझ्या जिवावर एक घास खाऊ का, असं?"

यावर त्याने वांगं टोपलीत ठेवलं. खरं त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्याही मते माझ्या एका घासावर सिंधूचा जीव टांगलेला होता. तेव्हाच मला सांगता आलं असतं. मी देठ तोडत राहिलो.

सिंधूचं काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं. पहिले आठ दिवस ती पत्राबद्दल काही बोलली नाही. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "उत्तर दिलंत?" मी म्हणालो, "मसुदा चाललाय." ती म्हणाली, "देऊ नका अजून." मी विचारलं, का? ती म्हणाली, "सांगितलं ना, देऊ नका."

चंपाषष्ठी उजाडली. खंडोबाला नैवेद्य दाखवायचा आणि त्या हंगामातलं पहिलं भरीत पुंडलिकच्या मळ्यात करायचं, हे आमचं ठरलेलं. तीस-पस्तीस माणसं जमली होती. मी सकाळपासून कामाला लागलो. वांग्यांना सुरीची टोचणी दिली, तेलाचा हात फिरवला, गेल्या वर्षीच्या काट्या पेटवल्या. जाळ धडधडून चढला आणि मग बसला. वांग्याची साल तडकायला लागली, आतलं पाणी निखाऱ्यांवर पडून चुरचुरायला लागलं. तो आवाज हळूहळू थांबतो. थांबला की वांगं काढायचं. त्या वासाने माझ्या तोंडाला सहा वर्षं पाणी सुटत आलं होतं, त्या दिवशीही सुटलं.

भरीत ठेचून झालं, फोडणी पडली, कांद्याची पात पडली. मी नेहमीप्रमाणे पुंडलिकला हाक मारणार, एवढ्यात सिंधू पुढे आली. तिने पुरीचा तुकडा मोडला, त्यात भरीत घेतलं आणि सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"ऐका हो सगळे. ह्यांना जळगावच्या स्पर्धेचं पत्र आलंय. तिथे पहिला घास स्वतः खावा लागतो. तो हे आज इथेच खातील, देवाच्या दिवशी. मी ह्यांना मोकळं केलं."

माणसं पुऱ्या हातात धरून बघत राहिली. गोदाक्का खाटेवरून उठली. "अव बाई, अन् तुले काही झालं म्हंजे?"

"झालं तर झालं. सहा वर्षं वरची मिळाली की. आणि गेले तर अहेव जाईन, त्यात वाईट काय? हिरवी साडीसुद्धा आणून ठेवलीये."

"कधी आणलीस?" मी विचारलं. त्या घटकेला मला तेवढंच सुचलं.

"दिवाळीत. सेल होता." तिने घास माझ्या तोंडापाशी आणला. "घ्या. माझ्यापायी जन्मभर लोकांची तोंडं बघत बसणार का?"

हे तिला पुंडलिकने सांगितलं होतं, हे मी त्याच्याकडे एकदा बघूनच ओळखलं. तिचा हात स्थिर दिसत होता. बांगड्या मात्र बारीक वाजत होत्या. मग मला कळलं, की ही थट्टा करत नाहीये. तिला खरंच वाटत होतं, की आपण आज ना उद्या यामुळे मरू, आणि तरीही ती घास पुढे करून उभी होती.

"जरा इकडे ये," मी म्हणालो.

"इथेच खा."

"सिंधू, इकडे ये."

मी तिच्याशी अशा आवाजात कधी बोललो नव्हतो. ती घास हातात धरूनच विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीमागे आली.

"मी तुझ्यासाठी सोडलं नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"वांगं. गुरुजींनी विचारलं, सगळ्यांत आवडतं काय, आणि मी खरं सांगून बसलो. गोंधळ झाला."

"आणि मी?"

"त्या वेळी तू डोक्यातही नव्हतीस." मी एकदा खरं बोलायला लागलो की मला कुठे थांबायचं ते कळत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "बसमध्ये मी विचारलं, तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"तू हसलीस," मी म्हणालो. "ऑपरेशनपासून पहिल्यांदा."

आत मोटार चालू होती. पाटाला पाणी सोडलं होतं. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला मारेल. दोन्ही मला चाललं असतं.

"गोदाक्काने माझी ओटी भरली होती यावरून," ती म्हणाली. "साडीचोळीची ओटी! माझ्या बहिणीला मी सहा वर्षं ऐकवतेय. आणि तो दामू! त्याने तंबाखू सोडली तुमच्यापायी!"

"त्याचं भलंच झालं."

"त्याची बायको म्हणते, तोंड रिकामं झाल्यापासून तो बोलत सुटलाय." तिने पदराने कपाळ पुसलं. "हे कोणाला कळता कामा नये. मी मेले असते तर चाललं असतं, पण हे नको. जळगाव रद्द. तुम्ही चारचौघांत वांगं खाल्लंत आणि मी ठणठणीत राहिले, तर लोक विचारतील, मग सहा वर्षं काय चाललं होतं?"

"बरं."

(हे सगळं आता छापायला तिची हरकत नाही. म्हणते, त्या बसमधलं वाचायला उरलंय कोण?)

सिंधू जायला वळली आणि पुन्हा थांबली. हातातला घास तसाच होता. ती राग गिळून म्हणाली, "इथे खाऊन घ्या. कोणी बघत नाही. बघा एकदाची चव, म्हणजे सुटाल."

घास माझ्या नाकाखाली आला. भाजल्या लसणाचा, कोवळ्या पातीचा, काट्यांच्या धुराचा वास. मी इतक्या जवळून तो सहा वर्षांत घेतला नव्हता. नुसतं तोंड उघडायचं होतं. आता त्यात पापही उरलं नव्हतं, नवसही नव्हता, कोणाचा जीवही नव्हता. मी तिच्या हाताकडे पाहिलं. बांगड्या आता वाजत नव्हत्या.

"नको," मी म्हणालो.

"का?"

"नको."

"माझ्यासाठी नव्हतं म्हणता. मग आता कोणासाठी?"

मी काही बोललो नाही. मी विहिरीकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, स्वतःच्या चपलांकडे बघितलं. शेवटी तिने तो घास स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावला. दुनियेची तोंडं मी वाचतो, पण हिचं मला कधी लागलं नाही.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"मीठ कमी आहे," सिंधू म्हणाली. "नेहमीच असतं."

सहा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की मी हसलो. ती हसली नाही. तरातरा माणसांत गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही म्हणाले! माझ्या जिवापेक्षा भरीत मोठं नाही म्हणाले! पाया पडले तरी ऐकेनात!"

गोदाक्काने डोळ्यांना पदर लावला. दामूने येऊन माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ बोलत राहिला. पुंडलिकने पहिला घास घेतला, भुवई जागची हलली नाही, आणि मी उठून बडगीत चिमूटभर मीठ टाकलं. त्याने माझ्याकडे डोळे वटारले, दुसरा घास घेतला आणि काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलो आणि मसुदा न करता एका कागदावर उत्तर लिहिलं.

"स.न.वि.वि. आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. चौथ्या नियमामुळे मला स्पर्धेत उतरता येत नाही. मी वांगं खात नाही. पत्नीसाठी सोडलं आहे. कालपासून. कळावे. जगन्नाथ वारके."

शाई वाळायला कागद तसाच ठेवून मी आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा सिंधू चष्मा लावून टेबलापाशी उभी होती. तिने तो वाचला होता, बहुतेक दोनदा.

"त्या जळगाववाल्यांना कशाला सांगायचं कधीपासून ते?" ती म्हणाली.

"आता कोणासाठी, ते विचारलं होतंस तू."

"मी विचारलं होतं. त्यांनी नव्हतं विचारलं."

"मग खोडू?"

तिने कागदाची घडी घातली, पाकिटात सारली आणि डिंकाची बाटली घेऊन बसली. पोस्टमनच्या बापाला उघडता येणार नाही, असा चहूबाजूंनी डिंक लावला. मग तिकीट चिकटवून पाकीट माझ्या हातात दिलं. मी चपला घातल्या, पोस्टापर्यंत चालत गेलो, आणि ओला डिंक बोटांना लागत असतानाच ते पेटीत टाकलं.